गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारी पैसा नेमका कुठून आणायचा?

भोर तालुक्यातल्या डोंगरी भागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावात साठीपुढची दीडशेच्या आसपास माणसं आहेत. त्यांतली तीसेक अगदी एकटी राहतात. मुलं पुणे, भोसरी, चाकणला. ग्रामपंचायतीच्या ताब्यात गायरानातली दहा गुंठे जागा आहे. तिथे वृद्धाश्रम काढायला सरकार किती पैसे देतं आणि अर्ज कुठे करायचा, असं ज्येष्ठ नागरिक संघाला हवं आहे.

आधी नको ते सांगतो. वृद्धाश्रम काढू नका, आणि गायरानात तर काहीच बांधू नका.

गायरान ग्रामपंचायतीच्या नावे दिसत असलं तरी मालकी शासनाची असते आणि ते गुरचरणासाठी राखलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असा निकाल दिल्यापासून अशा जमिनी दुसऱ्या कामाला द्यायला महसूल खातं सहजासहजी तयार होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिथे आमदार निधीतून खोली मंजूर करून आणली तर प्रस्ताव जागेच्या उताऱ्यावर अडतो, आणि अडलेला प्रस्ताव पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून चालवावा लागतो. गावठाणातली जागा, वापरात नसलेली शाळाखोली, समाजमंदिर यांतलं काही आहे का ते आधी बघा. शाळाखोली बंद पडली असली तरी ती जिल्हा परिषदेची आहे. शिक्षण विभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कुलूप उघडू नका.

आता वृद्धाश्रमाबद्दल. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेखाली ज्येष्ठ नागरिकांसाठीचा एकात्मिक कार्यक्रम चालतो. त्यातून निवासी गृहांना अनुदान मिळतं. पंचायत राज संस्था कागदोपत्री पात्र आहेत, पण बहुतेक अर्ज नोंदणीकृत संस्थांचे असतात. गृह किमान २५ जणांचं हवं. संस्थेला नीती आयोगाच्या दर्पण या संस्था-नोंदणीच्या पोर्टलचा क्रमांक हवा, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब हवेत, ई-अनुदान पोर्टलवर अर्ज, मग जिल्ह्याची तपासणी, राज्याची शिफारस आणि शेवटी दिल्लीची मंजुरी. पैसा हप्त्याने येतो आणि उशिरा येतो. तोवर किराणा, पगार, वीजबिल संस्थेने आपल्या खिशातून भागवायचं. शिवाय निवासी गृह म्हटलं की रात्रपाळी आली. तीन पाळ्यांत माणसं लागतात आणि एक सोडून गेला की व्यवस्था कोलमडते. आणि तुमच्या तीस जणांपैकी किती जण दारातली गाय आणि परसातली आळूची पानं सोडून गावातल्याच दुसऱ्या खोलीत कायमचे राहायला जातील? बहुतेकांना हवं असतं ते दुपारचं गरम जेवण, वेळेवर गोळी, आणि पडलो तर कुणी बघायला येईल याची खात्री.

म्हणून सरकारी पैशाकडे वेगळ्या नजरेने बघा. हा पैसा दोन ठिकाणी मोकळ्या हाताने येतो. एक, थेट माणसाच्या खात्यात. दोन, विटा-सिमेंटमध्ये. मधला भाग, म्हणजे रोज येऊन हात धरणाऱ्या बाईचा पगार, कुठल्याही योजनेत नीट बसत नाही. गावाच्या योजना फसतात त्या इथेच. खोली बांधून होते, फीत कापली जाते आणि सहा महिन्यांत तिथे मंडपाचे बांबू ठेवलेले असतात. तुमचा सगळा आराखडा त्या पगारापासून सुरू करून उलटा मांडा.

पहिलं काम यादीचं

दीडशे जणांची एक वही करा. संघाच्या लोकांनी आणि आशाताईंनी मिळून घरोघर जायचं. रकाने असे ठेवा: आधारवरची जन्मतारीख, शिधापत्रिकेचा रंग आणि तीवर आणखी कोण कोण आहे, दारिद्र्यरेषेच्या यादीतला क्रमांक, सध्या कुठलं मानधन (म्हणजे सरकारी निवृत्तीवेतन) मिळतं, शेवटचा हप्ता कधी जमा झाला, कुठल्या बँकेत, आयुष्मान कार्ड आहे का, ऐकू येतं का, दिसतं का, संडासला एकट्याने जाता येतं का. शेवटचा रकाना लोक लाजून वगळतात, आणि कोणाला खरी मदत लागणार हे त्याच रकान्यातून कळतं. आशाताई तिशीपुढच्यांसाठी जो तपासणी फॉर्म भरतात त्यात साठीपुढच्यांसाठी याच धर्तीचे प्रश्न असतात. तो फॉर्म भरला गेला असेल तर निम्मं काम झालेलं आहे.

खात्यात येणारा पैसा

राज्यात पासष्टीपुढच्या निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजना लागू होते. त्यात केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत २०० रुपये आणि ऐंशीपासून ५०० रुपये. बाकीचं राज्य घालतं आणि २०२३ च्या वाढीनंतर हातात महिना १,५०० रुपये येतात. यादीत नाव नसेल पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर श्रावणबाळच्या गट ब मधून तेवढीच रक्कम मिळते. पासष्टीच्या आतल्या विधवा, निराधार, दिव्यांग, दुर्धर आजाराच्या माणसांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत, किंवा महा-ई-सेवा केंद्रातून.

२१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात कुठलं कुटुंब चालतं हा प्रश्न कोणी विचारू नये असा आकडा आहे, पण नियम तोच आहे आणि अर्ज इथेच सर्वात जास्त अडतात. म्हातारीचं नाव मुलाच्या शिधापत्रिकेवर असतं, मुलगा चाकणला नोकरीला, तलाठी चौकशीत त्याचं उत्पन्न धरतो, दाखला ९०,००० चा निघतो, अर्ज नामंजूर. माणूस खरोखर वेगळा राहत असेल, चूल वेगळी असेल, तर आधी शिधापत्रिका विभक्त करून घ्या. मग स्वतःच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला, आणि मग मानधनाचा अर्ज. हा क्रम उलटा केला तर नामंजुरीचा शिक्का बसतो आणि पुढच्या अर्जाकडे संशयाने बघितलं जातं.

वयाचा घोळ हा दुसरा. आधार काढताना अनेकांची जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी टाकलेली असते आणि वर्ष पाच-सात वर्षांनी चुकलेलं असतं. सत्तरीच्या आजी आधारवर त्रेसष्टच्या असतात. शाळेचा दाखला नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, मतदार यादीतलं वय किंवा ग्रामीण अथवा उपजिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला लावता येतो. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. तेव्हा हाताशी सर्वात पक्का कागद असल्याशिवाय ती संधी खर्च करू नका.

तिसरी गोष्ट नवी आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. लाडकी बहीण योजनेचा लाभ ६५ वर्षांपर्यंत आहे. पासष्ट पूर्ण झाली की ते १,५०० थांबतात, आणि श्रावणबाळ आपोआप सुरू होत नाही. शिवाय तिकडे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख होती, इकडे २१,०००. म्हणजे अनेक जणी दोन्हींच्या मधे पडणार. वहीत ६४ वर्षांच्या बायकांची वेगळी पानं काढा आणि त्यांचे दाखले आधीच तयार ठेवा.

चौथी गोष्ट बँकेची. आता अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातं. इथे दोन वेगळ्या गोष्टी लोक एकच समजतात. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं, आणि बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या एनपीसीआयच्या नोंदीत ते खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, लागलेलं असणं वेगळं. आधार अनेक खात्यांना जोडता येतं, पण डीबीटी एकाच खात्यात जाते, आणि ते बहुधा सर्वात शेवटी नोंदवलेलं खातं असतं. बाजारात सिमकार्ड घेताना अंगठा दिला आणि कुठल्या तरी पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं की पैसे तिकडे. आजी जिल्हा बँकेच्या पासबुकावर एंट्री मारून मारून थकते, आणि पैसे आलेलेच असतात, फक्त दुसरीकडे. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे डीबीटीला कुठलं खातं लागलंय याची, स्थिती दिसते. मोबाइल आधारशी जोडलेला हवा. वहीतल्या प्रत्येकाची ही स्थिती एकदा तपासली की बंद पडलेली बरीच मानधनं नवा अर्ज न करता सुरू होतात. अंगठ्याचे ठसे झिजलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊन पैसे देतो ती पोस्ट पेमेंट बँकेची सोय चांगली. गावात फिरणारा बँक प्रतिनिधी हजारामागे पन्नास कापून घेत असेल तर पावती मागा. पावती मागितली की कापणं थांबतं.

हयातीचा दाखला जानेवारी ते मार्च या काळात द्यायचा असतो. तो चुकला की एप्रिलपासून हप्ता गप्प होतो, कुणी कळवत नाही. एक दिवस ठरवून सगळ्यांचे दाखले एकत्र तहसीलला पोचवा आणि यादीवर पोच घ्या. अर्ज मंजूर करणारी समिती अशासकीय अध्यक्षांची असते, तहसीलदार सचिव. आचारसंहिता लागली किंवा समितीच नेमलेली नसली की बैठका लांबतात. पोच हातात असेल तरच पाठपुरावा करता येतो.

यादीतले वीस जण जरी नव्याने पात्र ठरले तरी महिन्याला ३०,००० रुपये गावात येतात, वर्षाला ३ लाख ६० हजार, तेही दरवर्षी. एवढा आवर्ती पैसा ग्रामपंचायतीला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळणार नाही.

दवाखान्याचा पैसा

सत्तर पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू आहे. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. लागतं फक्त आधार. आयुष्मान अॅपवर चेहरा ओळखूनही काम होतं, त्यामुळे ठसे न उमटणाऱ्यांची अडचण येत नाही. सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिचीही मर्यादा आता कुटुंबाला ५ लाख. दोन्ही योजना फक्त भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत आणि फक्त यादीतल्या रुग्णालयांत चालतात. पुण्याला नेण्याआधी त्या रुग्णालयात हा विशिष्ट उपचार योजनेत बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, फोनवर विचारा. भरती झाल्यावर विचारलं तर आगाऊ रक्कम भरलेली असते आणि ती परत मिळवणं फार जड जातं.

रोजच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांचा या कार्डांशी काही संबंध नाही. त्या उपकेंद्रातून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळायला हव्यात. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी २०१०-११ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांची ओपीडी अपेक्षित आहे. ती चालते का हे ग्रामसभेत विचारा, आणि वार ठरवून फलकावर लिहून घ्या. पंच्याहत्तरीपुढे एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट. ओपीडीचा वार एसटीच्या वेळेशी जुळवला तर वेगळ्या गाडीचा खर्च लागत नाही.

साधनं आणि पाच टक्के

मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, ३,००० रुपये एकदाच खात्यात मिळतात. चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरपट्टा, श्रवणयंत्र यांसाठी. पैसे आल्यावर ३० दिवसांत बिल द्यायचं. ही योजना सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे, म्हणजे येरवड्याच्या सामाजिक न्याय भवनात. जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग हे वेगळं कार्यालय आहे. भोरहून निघून चुकीच्या कार्यालयात पोचणं ही रोजची गोष्ट आहे, तेव्हा कागदावर कोणाला उद्देशून लिहिलंय ते बघून निघा. तीन हजारांत धड श्रवणयंत्र येत नाही. ते पैसे चष्मा आणि कमोड खुर्चीला वापरा.

श्रवणयंत्रासाठी दुसरा रस्ता आहे. म्हातारपणी कमी ऐकू येणं, कमी दिसणं, पार्किन्सन, अर्धांगवायूने गेलेला हात हे सगळं दिव्यांगत्वाच्या व्याख्येत बसू शकतं. घरचे लोक ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनमध्ये तपासणी होऊन ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व निघालं तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळतं. त्याने दोन दारं उघडतात. संजय गांधी आणि श्रावणबाळमधल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं मानधन २०२५ मध्ये २,५०० रुपये केलं गेलं आहे. आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करणं बंधनकारक आहे.

समजा घरपट्टी आणि इतर मिळून ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न ८ लाख आहे, तर हे ४०,००० झाले. मार्चअखेर हे पैसे घाईघाईने सगळ्यांना समान वाटून टाकतात, माणशी हजार-दीड हजार, फोटो काढला, संपलं. त्याऐवजी सामूहिक खर्चाचा ठराव करा आणि साहित्य-पेढी उभी करा: तीन-चार कमोड खुर्च्या, दोन चाकाच्या खुर्च्या, पाच-सहा वॉकर, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी दोन हवेच्या गाद्या. नोंदवहीत सही करून न्यायचं, गरज संपली की धुऊन परत. हवेची गादी विकत घ्यायला घरचे कचरतात, आणि पाठीला जखम झाल्यावर ड्रेसिंगवर तिच्या कितीतरी पट खर्च करतात.

ग्रामपंचायतीचा आराखडा

वित्त आयोगाच्या निधीत १५ व्या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. पुढच्या आयोगाचे बंधित (ठरलेल्या कामाला बांधलेला) आणि अबंधित (मोकळा) निधीचे निकष ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून बघून घ्या. १५ व्या आयोगात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, ४० टक्के अबंधित. अबंधितमधून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता, पण अकराव्या अनुसूचीतल्या विषयांवर स्थानिक गरजेनुसार खर्च करता येत होता, आणि त्या अनुसूचीत समाजकल्याण हा विषय आहे. म्हणजे साहित्य, दुरुस्ती, रॅम्प, स्वयंपाकाची भांडी बसतात. सेविकेचं मानधन बसत नाही.

काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नसेल तर कितीही चांगलं असलं तरी त्यावर रुपया खर्च होत नाही. आधी खर्च आणि मग आराखड्यात नाव घुसवणं हा लेखापरीक्षणातला कायमचा आक्षेप आहे. म्हणून १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा तुमच्या. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो कमी तो. संघाचे पन्नास-साठ जण उठून आले तर कोरमचा मोठा भाग तुमचाच असतो, आणि अशा ग्रामसभेत ठराव अडवायला कोणी उभं राहत नाही.

‘ज्येष्ठांसाठी सोयी कराव्यात’ असा मोघम ठराव वाया जातो. असा लिहा: ‘सन अमुकच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात सामाजिक सुरक्षित गाव या संकल्पनेखाली, गावठाणातील समाजमंदिराचे दुपारच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात रूपांतर करण्यासाठी रॅम्प, कठड्यासह एक कमोड शौचालय, पिण्याच्या पाण्याची टाकी व स्वयंपाकाचे साहित्य यांचा समावेश करावा, अंदाजित खर्च रु. इतके, निधीचा स्रोत अमुक.’ सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक. प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या.

जुन्नर आणि आंबेगावच्या पेसा गावांना, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी गावांना, आणखी एक सोय आहे. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट त्यांच्या ग्रामसभांकडे येतो आणि त्यात आरोग्य हा विषय आहे. भोरला तो लागू नाही. हे लिहिण्याचं कारण एवढंच की तिकडच्या गावाचा आराखडा बघून तसाच्या तसा उतरवू नका.

बांधकाम

आमदार निधी, ग्रामविकास विभागाचा २५१५ या लेखाशीर्षाचा निधी, जिल्हा नियोजन, जिल्हा परिषदेचा सेस (स्वनिधी) यांपैकी कशातूनही सभामंडप किंवा ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र होऊ शकतं. मार्ग सारखाच: ग्रामसभेचा ठराव, जागेचा आठ-अ किंवा गावठाण उतारा, दुसऱ्या योजनेतून हेच काम घेतलं नसल्याचा दाखला, जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांचं अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. अंदाजपत्रक होताना तुम्ही समोर बसा. ते छापील साच्यातून निघतं आणि त्या साच्यात म्हातारं माणूस नसतं.

रॅम्पचं उदाहरण घ्या. उतार १ ला १२ हवा. जोतं दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब लागतो. ठेकेदार जागा आहे तेवढ्यात दोन मीटरची घसरगुंडी करून देतो. चाकाची खुर्ची त्यावर चढत नाही आणि पावसाळ्यात चालता माणूस घसरतो. जागा कमी असेल तर जोतं एक फुटाचं करा किंवा रॅम्पला वळण द्या. कठडा दोन्ही बाजूंना, साधारण ८० ते ९० सेंटिमीटर उंचीवर, हाताच्या मुठीत मावेल असा गोल पाइप. शौचालयाचा दरवाजा ९० सेंटिमीटर रुंद आणि बाहेर उघडणारा. आत उघडणाऱ्या दरवाज्यामागे माणूस पडला तर दार ढकलता येत नाही, कडी तोडून काही उपयोग नसतो. गुळगुळीत फरशी तर घालूच नका.

आणि तो पगार

दुपारचं केंद्र धरा. वीस माणसं, महिन्यात २५ दिवस, अकरा ते तीन. दोन बायका चार-चार तास, प्रत्येकी ६,००० मानधन, म्हणजे १२,०००. जेवण माणशी ४० रुपये धरलं तर २०,०००. फिजिओथेरपिस्टच्या दोन भेटी ३,०००, वीज-गॅस-साबण ३,०००. एकूण ३८,०००. आता यातून वजा करत चला. माणशी एका जेवणाला १०० ग्रॅम धान्य, महिन्याला अडीच किलो. रेशनवर माणशी पाच किलो मोफत मिळतं, त्यातलं अर्धं इकडे आलं की धान्याचा खर्च गेला आणि जेवण माणशी ३६ वर आलं, दोन हजार वाचले. निवृत्तीवेतन मिळणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाने ३०० रुपये वर्गणी द्यायची, ६,०००. फुकट ठेवू नका. वर्गणी देणारा माणूस भाजी कच्ची आहे हे हक्काने सांगतो, आणि केंद्र त्यामुळेच नीट चालतं. राहिले ३०,०००.

यातले काही ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून येऊ शकतात, कारण वित्त आयोगाची बंधनं स्वनिधीला नाहीत. उमेदचा (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) ग्रामसंघ, म्हणजे बचत गटांचा संघ, गावात असेल तर त्याच्याकडे जोखीमग्रस्त कुटुंबांसाठी निधी असतो. उमेदच्या नियमात ज्येष्ठांचा बचत गट पाच जणांचाही चालतो. स्वयंपाकाचं काम ग्रामसंघातल्याच गटाला द्या, म्हणजे कोणी आजारी पडलं तर बदली माणूस तेच देतात. उरलेल्यासाठी कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ज्येष्ठांची दिवसा-केंद्रं स्पष्ट लिहिलेली आहेत, आणि शिरवळ-खेड शिवापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना आसपासच्या गावांत खर्च करायला आवडतं. पण ते ग्रामपंचायतीपेक्षा सीएसआर-१ (हा निधी घेण्यासाठी लागणारी) नोंदणी असलेल्या संस्थेला पैसे देणं पसंत करतात. तशी जुनी संस्था सोबत घ्या. नवी काढत बसलात तर १२-अ आणि ८०-जी या करसवलतींच्या कागदांतच वर्ष जाईल. आणि सीएसआर मागताना इमारत मागू नका, तीन वर्षांचा पगार मागा. कंपनीला नावाची पाटी लावायला भिंत हवी असते. ती सरकारी पैशातून बांधलेल्या भिंतीवर लागत नाही, पण भांड्यांवर आणि गाडीवर लागते.

दोन्ही बायकांच्या बारा महिन्यांच्या मानधनाची सोय लेखी झाल्याशिवाय केंद्राची तारीख जाहीर करू नका. बंद पडलेलं केंद्र पुन्हा उघडणं नवं काढण्यापेक्षा अवघड असतं.

मुलं कमावती असून बघत नसतील तर

हा पैसा सरकारी नाही, पण तो सरकारी आदेशाने मिळतो. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली भोरच्या प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. न्यायाधिकरण महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह देऊ शकतं. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. अर्ज म्हाताऱ्या माणसाला स्वतः करता येत नसेल तर संस्थाही करू शकते. अर्जाआधी १४५६७ या एल्डरलाइनवर बोलून घ्या. सकाळी आठ ते रात्री आठ सुरू असते. अनेक प्रकरणं तिथून मुलाला एक फोन गेला की मिटतात, आणि घरातलं बोलणंही राहतं.

जमीन किंवा घर मुला-नातवाच्या नावे करून दिलेलं असेल आणि आता तो विचारत नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम २३ खाली तो दस्त रद्द होऊ शकतो. मात्र ‘माझा सांभाळ, औषधपाणी व मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात असतील तर बाजू भक्कम राहते, नसतील तर वाद लांबतो. संघाच्या सभासदांपैकी कोणी भोरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बक्षीसपत्र करायला निघालं असेल तर दस्त लिहिणाऱ्याकडून ही ओळ घालून घ्या, आणि सही करण्याआधी ती मोठ्याने वाचून घ्या.